वाशातला विळा खाली काढा

हा मजकूर पुढे वाचण्याआधी एक काम करा. पडवीच्या वाशात किंवा कुडाच्या सांदीत खोचून ठेवलेला आपला विळा खाली काढा. शेजारी कोयता असेल तर तोही घ्या. उजेडात धरून नीट पाहा. धार कुठे कुठे उडाली आहे? मूठ हलते का? मुठीवर चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आहे का? पात्याची रुंदी विकत आणली त्या दिवशी किती होती आणि आज किती उरली आहे?

दहापैकी आठ घरांत उत्तर सारखेच मिळेल, असे गावोगाव फिरताना दिसते. एका गावात धान कापणीच्या वेळी एका वयस्क शेतकऱ्याच्या हातातला विळा पाहिला. पाते झिजून बोटाएवढे उरले होते. विचारले तर म्हणाले, "बापाच्या जमान्याचा आहे जी साहेब. याले काय होते?" विळ्याला खरेच काही झाले नव्हते. लोखंड अस्सल होते, धार चकचकीत होती, धावड्याची मूठ हाताच्या घामाने काळी तुळतुळीत झाली होती. शेजारच्या बांधीत त्यांचाच नातू त्याच हंगामात बाजारातून आणलेला विळा वापरत होता. त्याची मूठ ढिली झाली होती आणि अंगठ्याला पट्टी होती. चाळीस वर्षांचा विळा चालतो आणि चार आठवड्यांचा चालत नाही, यात काही तरी चुकते आहे. त्याबद्दलच आज लिहायचे आहे.

आपण ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगची तारीख लक्षात ठेवतो. मोटारपंपाचे वाइंडिंग जळले तर त्याच दिवशी तालुक्याला धावतो. कारण त्यात मोठे पैसे गुंतलेले असतात. विळा-कोयता मात्र शंभर-दोनशे रुपयांची वस्तू म्हणून दुर्लक्षित राहतो. पण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या साध्या कुटुंबाचे वर्षाचे कॅलेंडर काढा. पावसाळ्यात धुऱ्यावरचे गवत, दिवाळीच्या आगेमागे धान, त्यानंतर बांबू, फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची खुटकटाई, उन्हाळ्यात कुंपणाच्या काट्या आणि सरपण, आणि बारा महिने घरातली पावशी. वर्षातला एकही महिना असा नाही की ज्यात पोटाची भाकर एखाद्या पात्यावरून जात नाही. पात्याची धार गेली तर मजुरी जाते, पीक जाते, बांबूचे रांझी बिघडते आणि कधी कधी बोटही जाते.

धान कापणी आणि बोथट विळा

पहिल्यांदा धानाचे पाहू. आता कापणीचे यंत्र आपल्याकडेही येते, हे खरे आहे. पण ज्याच्या चार बांध्या चार दिशांना आहेत, ज्याच्या बांधीत कापणीला अजून चिखल असतो आणि ज्याला जनावरांसाठी तणस हवी असते, त्याचा कारभार अजूनही विळ्यावरच चालतो.

बोथट विळ्याने धान कापले जात नाही, ओढले जाते. बाई मूठभर धान डाव्या हातात धरते आणि उजव्या हाताने हिसका देते. त्या हिसक्याने पिकलेल्या लोंबीतले दाणे बांधीत पडतात. सरवा वेचणाऱ्याला ते मिळतात, मालकाला नाही. दुसरे म्हणजे हिसका देताना धारेवरून हात घसरला की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट कापते. कापणीच्या दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसा, डाव्या हातालाच पट्टी बांधलेल्या बाया दिसतील.

तिसरा हिशेब वेळेचा. बांधीत आठ माणसे कापणीला आहेत आणि प्रत्येकाचा दिवसातला अर्धा तास विळा दगडावर घासण्यात आणि बोथट धारेशी झगडण्यात जातो, असे धरा. आठ माणसांचे चार तास झाले, म्हणजे एका माणसाचा अर्धा दिवस. कापणी आठ दिवस चालली तर चार दिवसांची मजुरी बोथट धारेने खाल्ली. मजुरीचा आजचा दर तुम्हाला ठाऊक आहे, गुणाकार तुम्हीच करा.

यावर विद्यापीठांनी फार पूर्वीच उपाय सांगितला आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी "वैभव" विळा आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा "नवीन" विळा आहे. दातेरी विळा वजनाला हलका असतो, हिसका न देता ओढत नेला की कापतो आणि त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. पण त्याचे दात झिजले की तो साध्या दगडावर पाजवता येत नाही. दोन-तीन हंगामांनी तो बदलायचा, हे आधीच धरून चालावे. साधा विळा मात्र लोहाराकडे जाऊन परत परत नवा होतो. ज्याच्या गावाजवळ लोहार आहे त्याने साधा ठेवावा, ज्याच्या जवळपास नाही त्याने दातेरी घ्यावा, असे माझे मत आहे.

विळा कोणताही असो, कापणी जमिनीलगत करा. खोडकिडीच्या अळ्या धसकटात दडून पुढच्या हंगामाची वाट पाहतात. वीतभर धसकट मागे ठेवले तर किडीला आपणच घर बांधून दिले असे होते. आणि बोथट विळ्याने जमिनीलगत कापताच येत नाही, म्हणून बाया वरून कापतात. त्यात त्यांचा दोष नाही, दोष विळ्याचा आहे.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. कापणीला बाया जास्त असतात, पण विळ्याची मूठ पुरुषाच्या हाताच्या मापाने केलेली असते. जाड मूठ दिवसभर आवळून धरली की मनगट भरून येते. विळा विकत घेताना बाईनेच तो हातात धरून पाहावा. घरात कोणी डावखुरे असेल तर लोहाराला तसे सांगून उलट्या बाजूने धार काढून घ्यावी. एका बाजूने उतार दिलेला विळा डाव्या हातात धरला तर तो कापण्याऐवजी घसरतो.

बांबू: एका घावात किंवा अजिबात नाही

आता बांबूकडे वळू. १५ ऑगस्ट २००९ रोजी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा मान्य होऊन मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी त्या गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. त्यानंतर आपल्या भागातल्या कित्येक ग्रामसभा स्वतः बांबू तोडून विकू लागल्या. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला गेला, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावरचा बांबूही मोकळा झाला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले.

या सगळ्याचा अर्थ एकच आहे. पूर्वी आपण दुसऱ्याच्या बांबूवर मजूर म्हणून जात होतो. मोजून तुकडे दिले, पैसे घेतले, रांझ्याचे पुढे काय झाले ते पाहण्याची गरज नव्हती. आता रांझी आपली आहे. जी चुकीची तोड आज होईल, तिचे नुकसान तीन-चार वर्षांनी आपल्याच ग्रामसभेच्या खात्यात दिसेल.

तोडीचे नियम आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहेत, तरी उजळणी करतो. जमिनीपासून साधारण १५ ते ४५ सेंटिमीटर उंचीवर तोडावे. पेराच्या अगदी वर तोडावे, म्हणजे खाली उरलेल्या खुंटात पाणी साचायला वाटी राहत नाही. त्याच वर्षीचा कोवळा बांबू तोडू नये. रांझ्यात पुरेसे जून बांबू राखावे, सगळे साफ करू नये. पावसाळ्यात, कोंब निघतात त्या दिवसांत तोड बंद ठेवावी. आणि तोड धारदार हत्याराने करावी.

हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण तो कोणी मोजत नाही. बोथट कोयत्याने मानवेल तोडून पाहा. पहिल्या घावाला साल चेचते, दुसऱ्याला बांबू उभा चिरतो, तिसऱ्या-चौथ्याला तुटतो. चिरलेल्या खुंटात पाणी शिरते, बुरशी येते, कीड लागते आणि कुजणे हळूहळू खालच्या कंदाकडे सरकते. तोडलेल्या बांबूचेही बुडाचे टोक फाटते, म्हणजे विक्रीच्या लांबीतून वीतभर गेले. शिवाय घाव अवघड जागी बसत नाही म्हणून माणूस सोयीच्या उंचीवर, कमरेएवढ्यावर तोडतो. असे कमरेएवढे खुंट माजले की पुढच्या वर्षी रांझ्यात हात घालायला जागा राहत नाही. मग चांगला जून बांबू आत अडकून वाळतो आणि बाहेरचा कोवळा तुटतो. काटस बांबूत तर हे आणखी लवकर होते. एका बोथट कोयत्यापासून सुरू झालेली ही साखळी रांझी मेल्यावरच थांबते.

म्हणून ग्रामसभांना विनंती आहे. तोडीच्या पहिल्या दिवशी मजुरांची हजेरी घेता, तशी कोयत्यांचीही घ्या. ज्याचा कोयता हाताच्या जाडीचा बांबू दोन घावांत स्वच्छ तोडत नाही, त्याला त्या दिवशी धार लावायला बसवा. त्याची मजुरी कापू नका. ती मजुरी वसूल होते.

तेंदू आणि मोहाला आग नको, पाते पुरे

फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटली की नवे फुटवे येतात आणि साधारण दीड महिन्यात कोवळे, मोठे पान हाती लागते. पानाचा भाव प्रतीवर ठरतो आणि प्रत छाटणीवर. पण छाटणीचा कंटाळा आला की काही ठिकाणी सरळ काडी लावली जाते. मोहफूल वेचण्यासाठीही झाडाखालचा पाला पेटवतात आणि तो वणवा होऊन डोंगरावर चढतो. त्यात बांबूचे कोंब जातात, गवत जाते, पाखरांची घरटी जातात आणि पुढच्या वर्षीचे आपलेच उत्पन्न जाते.

विळा धारदार असेल तर मोहाखालचे गवत-झुडूप अर्ध्या तासात साफ होते. मग खराट्याने पाला एका बाजूला ओढला की फूल स्वच्छ जागेवर पडते. राखेतल्या फुलापेक्षा ते चांगले वाळते आणि त्याला भावही चांगला मिळतो. विळा बोथट असला की हात काडीपेटीकडे जातो. वणवा विझवण्याची तयारी करताना विळ्याची धारही त्या तयारीत धरली पाहिजे.

लोखंड इथलेच, लोहार कुठे आहे?

आपला मुलूख लोखंडाचा आहे. सिंदेवाहीजवळच्या लोहारा गावाच्या टेकडीचे नावच सांगते. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्स नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दलचा अहवाल निघाला. तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचा विचार आला आणि त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासायला जर्मनीला नेला. कोळसा उतरला नाही, कारखाना पुढे दुसरीकडे झाला. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज २०२१ नंतर मोठ्या प्रमाणात ट्रकने बाहेर जाऊ लागले. ज्या रस्त्याने हे खनिज जाते, त्याच रस्त्यावरच्या गावात बाई दगडावर विळा घासत बसलेली दिसते, कारण विळा पाजवून देणारा लोहार दोन-तीन गावे सोडून आहे, किंवा नाहीच.

पूर्वी बलुत्याने सगळे चालत असे. धान निघाले की लोहाराचा वाटा खळ्यावरून जाई आणि वर्षभर पाजवणे त्याच्याकडे असे. बलुते संपले, पण त्याच्या जागी दुसरी व्यवस्था आपण उभी केली नाही. लोहाराची मुले शिकली, नोकरीला किंवा वेल्डिंगच्या दुकानात गेली. त्यांना दोष देता येणार नाही. दिवसभर भात्यासमोर बसून हाती काय पडते, हे आपण कधी विचारले?

बाजारात मिळणारे स्वस्त पाते बहुतेक पातळ पत्र्याचे असते. वरून चकचकीत, पण पाणी नीट दिलेले नसते. आपला लोहार ट्रक-जीपच्या कमानीच्या पाट्यापासून कोयता करतो. ते लोखंड मुळातच चिवट असते. तापवून, ठोकून आकार दिला, लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कडक होते. पण नुसते कडक झालेले पाते काचेसारखे तुटते. म्हणून जाणता लोहार ते परत मंद आचेवर तापवतो. धारेवर पिवळसर, मग तपकिरी, जांभळट रंग चढू लागला की योग्य क्षणी थांबवतो. विळ्याला थोडे आधी, कोयत्याला थोडे नंतर. हा रंग ओळखणे हीच त्याची विद्या. ती पुस्तकात वाचून येत नाही, वीस वर्षे भात्यासमोर बसून येते. लोहाराबरोबर ती गेली की गेली.

नवे पाते घेताना एक साधी पारख करा. धारेवर बारीक कानस हलक्या हाताने फिरवा. कानस अगदी सहज खात सुटली तर पाते मऊ आहे, धार टिकणार नाही. कानस काचेवरून घसरावी तशी नुसती घसरली तर पाते फार कडक आहे, गाठीवर मारताच टवका उडेल. थोडी अडत, थोडी खात गेली तर पाणी बरोबर आहे. आणि एक चूक टाळा. वेल्डिंगच्या दुकानातल्या जोरात फिरणाऱ्या चाकावर पाते दाबून धरू नका. धार निळी पडली की तेवढ्या भागाचे पाणी उतरले. मग कितीही घासा, दुसऱ्या दिवशी बोथट.

घरच्या घरी एवढे करा

धार लावणे अवघड नाही. दगड ओला ठेवा. पाते दगडावर आडवे ठेवून पाठीकडची बाजू तीन-चार नाणी एकावर एक ठेवल्याइतकी उचला आणि तोच कोन शेवटपर्यंत राखा. कोयत्याला कोन थोडा जास्त, घरच्या सुरीला कमी. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला धारेची बारीक कोर बोटाला खरखरीत लागते. ती लागली की बाजू बदला. शेवटी दोन्ही बाजूंनी अगदी हलका हात फिरवून ती कोर काढून टाका. धार अंगठ्यावर ओढून पाहू नका, वाळल्या पानावर पाहा.

काम संपले की पाते पुसून कोरडे करा आणि मोहटोळीचे किंवा करंजाचे तेल चोळा. धानाचा चीक आणि बांबूचा रस रात्रभर तसाच राहिला तर सकाळी गंज दिसतो. मूठ धावडा, धामण किंवा तिवस यांपैकी पूर्ण वाळलेल्या लाकडाची असावी. ओल्या लाकडाची मूठ वाळली की ढिली होणारच. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी बसवून घ्या आणि मुठीला वर्षातून दोनदा जवसाचे तेल पाजा. चिंधी गुंडाळलेली मूठ म्हणजे दुरुस्ती नव्हे, ते उद्याच्या अपघाताचे आमंत्रण आहे.

पाते कधीही उघडे नेऊ नका. बांबूच्या दोन चिपा बांधून किंवा जुन्या टायरचा तुकडा शिवून म्यान करता येते. दहा मिनिटांचे काम आहे. सायकलच्या कॅरिअरला उघडा कोयता खोचून आणि मागे पोराला बसवून जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्या पोराच्या मांडीचा विचार करा.

जखम, जंगल आणि कायदा

कापले तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि आरोग्य केंद्रात जा. जखमेत चुना, तंबाखू, राख, माती भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन टाळू नका. मातीत वापरलेल्या पात्याची जखम लहान असली तरी धोका लहान नसतो. आणि साप चावला तर दंशाच्या जागी पात्याने चीर देऊ नका. विष त्याने निघत नाही. रक्तस्राव आणि जंतू वाढतात आणि दवाखान्यात पोचण्याचा वेळ जातो. तो माणूस जितक्या लवकर दवाखान्यात पोचेल तितका वाचेल.

दुसरे, वाघाचे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चामोर्शी, आरमोरी या बाजूच्या वाचकांना सांगायला नको. हातात कोयता आहे म्हणून एकटे आत शिरू नका. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, हे लक्षात ठेवा. चार-सहा जणांनी मिळून जावे, बोलत राहावे, एकाने उभे राहून नजर ठेवावी. पहाटे आणि सांजेला आत जाऊ नये. पाते कामासाठी आहे, झुंजीसाठी नाही.

तिसरे, कायद्याचे. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते धारदार शस्त्रांच्या वर्गात येते. पण घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे विळा-कोयता बाळगणे हा गुन्हा नाही. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ प्रमाणे मनाई आदेश लागू असतो तेव्हा यात्रेत, सभेत, बाजारात पाते घेऊन फिरू नये. अभयारण्याचा नियम आणखी कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या व्याख्येत चाकूही शस्त्रात मोडतो आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. ताडोबा-अंधारी आणि चपराळ्याच्या शेजारच्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गावाचा हक्क असेल तर तो लेखी दाखवता यावा, ग्रामसभेचे पत्र जवळ असावे. पोलीस आणि वनविभागाच्या बंधूंनाही विनंती आहे की, म्यानातला विळा घेऊन कामाला निघालेल्या मजुराकडे त्यांनी संशयाने पाहू नये.

गावकारभाऱ्यांनी काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि ग्रामसभांचे पदाधिकारी यांच्यासाठी तीन सूचना करतो.

एक, आपल्या परिसरात लोहार किती उरले आहेत आणि त्यांचे वय काय आहे, याची नोंद करा. बहुतेक ठिकाणी ही यादी एका कागदाच्या चार ओळींत बसेल. तेच बघून पुढचा विचार सुचेल.

दोन, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहेत, हातोडा व अवजारे करणारे आहेत, टोपल्या-चटया करणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. म्हणजे लोहाराचा अर्ज पुढे जाणे की अडून राहणे हे तुमच्या टेबलावर ठरते.

तीन, बांबू आणि तेंदूच्या उत्पन्नातून ग्रामसभेने पाच-सहा गावांमध्ये मिळून लोहारासाठी एक साधी शेड, भाता आणि ऐरण उभी करावी. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींनी ५ टक्के अबंध निधीतून हे नियमात कसे बसते ते तपासावे. लोहाराला वर्षाचा ठरावीक मोबदला द्यावा आणि त्या बदल्यात दर कुटुंबाची ठरलेली पाती त्याने पाजवून द्यावी. हे जुने बलुतेच आहे, फक्त जातीऐवजी करारावर आणि धान्याऐवजी पैशात. त्याच्या हाताखाली दोन पोरे, कोणत्याही जातीची, शिकायला ठेवावीत. यावर एक आक्षेप येईल. "एवढे करण्यापेक्षा सगळ्यांना नवे विळे वाटून टाकू." वाटप सोपे असते, फोटोही निघतो. पण वाटलेला विळा तिसऱ्या हंगामात भंगारात जातो आणि पाजवणारा माणूस गावात राहिला तर तीस हंगाम पुरतो.

दसरा आला की आपण खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो. हलके धान तेव्हा कापणीला आलेले असते. विळा धुतो, कुंकू लावतो, फूल वाहतो आणि तसाच बोथट विळा घेऊन दुसऱ्या दिवशी बांधीत उतरतो. या वर्षी क्रम थोडा बदलू या. खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात गावाने एक दिवस ठरवावा. सगळ्या घरांतली पाती एका ठिकाणी आणावीत, लोहाराला बोलवावे, त्याला मजुरी आणि मानाचा नारळ द्यावा. मुठी बदलाव्यात, म्याने शिवावीत, पोरांना दगडावर पाते धरायला शिकवावे. मग पूजा करावी.

तो वाशातून काढलेला विळा अजून तुमच्यासमोर असेल. तो परत वर खोचू नका. आधी दगड ओला करा.